ल्हानरूस्टचा पूल, राजाची रिकामी शवपेटी आणि मुंगसाचा झालेला कुत्रा

नकाशावेडा

उत्तर वेल्समध्ये कॉन्वी नदीच्या काठी ल्हानरूस्ट हे बाजाराचं गाव आहे. गाव छोटं, पण पाच-सहा मैलांच्या परिसरात आख्यायिका ठासून भरल्या आहेत. मराठीत यावर फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून हा धागा.

एक विनंती आहे. प्रत्येक गोष्टीबद्दल दोन तारखा वेगवेगळ्या द्या: घटना कधीची सांगतात ती, आणि ती पहिल्यांदा लिहिलेली कधी सापडते ती. वेल्सच्या दंतकथांत बहुतेक घोटाळा या दोन तारखा एक समजल्यामुळे होतो.

सुरुवात बाजारापासून. १२८३ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने ग्वीनेदचं राज्य जिंकलं आणि नदीच्या मुखाशी कॉन्वीचा किल्ला व तटबंदीचं शहर उभारायला घेतलं. त्या शहरात वस्ती आणि व्यापार इंग्रजांचा. वेल्श माणसाने कॉन्वीपासून दहा मैलांच्या आत व्यापार करायचा नाही असा हुकूम होता, आणि ल्हानरूस्ट तेराव्या मैलावर असल्यामुळे खोऱ्यातला सगळा माल इथे यायला लागला, असा खुलासा गावात केला जातो. लोकर, गुरं, पुढे विणलेले मोजे, घड्याळं, हार्प ही वाद्यं, अशी या बाजाराची ओळख.

गावाचं ब्रीद आहे "कम्री, ल्होइगर आ ल्हानरूस्ट", म्हणजे वेल्स, इंग्लंड आणि ल्हानरूस्ट! तेराव्या शतकात ल्हेवेलिन अप ग्रिफिद या राजाने गावाला बिशपच्या सत्तेतून मोकळं केलं, त्यावरून हे आलं असं सांगतात. १९४७ मध्ये गावाने संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःसाठी जागा मागितली होती, ही गोष्टही याच ब्रीदाला जोडून सांगितली जाते.

शब्दमूळ

छान विषय. पुढे जाण्याआधी उच्चारांचं बघू, कारण वेल्श नावं इंग्रजीसारखी वाचली तर नकाशा आणि जुना कागद यांची सांगड लागत नाही.

रोमन लिपीतला दुहेरी 'एल' म्हणजे आपण इथे 'ल्ह' लिहितोय तो. 'कोल्हा'मधला ल्ह जवळचा, पण तंतोतंत नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची, घशातून आवाज काढायचा नाही आणि जिभेच्या कडेने नुसती हवा सोडायची. दुहेरी 'डी' म्हणजे मऊ, घासून येणारा 'द'. एकेरी 'एफ' म्हणजे 'व'. फ हवा असेल तर एफ दोनदा लिहितात. 'डब्ल्यू' बऱ्याचदा स्वर असतो, 'ऊ'. म्हणून ज्या नावात इंग्रजी डोळ्याला स्वरच दिसत नाही, ते नाव सरळ 'रूस्ट' असं वाचता येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं: घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. 'ल्हान' म्हणजे चर्चचं आवार, हा शब्द स्त्रीलिंगी. त्यापुढे संताचं नाव आलं की त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं, आणि 'ग' असेल तर चक्क गळून पडतो. सहाव्या शतकातला संत ग्रूस्ट, त्याचं ल्हान, म्हणून ल्हान-रूस्ट. तसंच 'पॉन्ट' म्हणजे पूल, 'माउर' म्हणजे मोठा, पण मोठा पूल म्हणजे 'पॉन्ट वाउर'. आणि पुलापलीकडलं ते प्रसिद्ध वेलींनी झाकलेलं घर 'टी हुन्ट इर बॉन्ट', म्हणजे 'पुलाच्या पल्याड'. इथे पॉन्टचा बॉन्ट झाला.

याचा व्यवहारात उपयोग असा, की सूचीत नाव सापडलं नाही तर आधी पहिलं अक्षर बदलून बघायचं. 'ब' असेल तर 'व', 'म' असेल तर 'व', 'प' असेल तर 'ब', 'क' असेल तर 'ग'. संताचं नाव शोधताना पुढे 'ग' लावूनही बघायचं.

कमान

पुलाबद्दल लिहितो. पॉन्ट वाउर १६३६ चा, तीन कमानींचा, दगडी. मधली कमान सुमारे १८ मीटर गाळ्याची. मधे उंचवटा इतका आहे की या टोकाच्या गाडीला त्या टोकाची गाडी दिसत नाही आणि रुंदी एकाच गाडीपुरती. दोन गाड्या माथ्यावर समोरासमोर आल्या की कुणालातरी उलटं जावं लागतं. त्यावरून गावात याला 'शिव्यांचा पूल' असंही नाव पडलंय.

उंचवटा हौसेचा नाही. ही नदी पावसात झपाट्याने चढते. पुराच्या पाण्याला कमानीखालून जायला जागा हवी, आणि प्रवाहात खांब जितके कमी तितका अडथळा कमी. म्हणून मधला गाळा मोठा घेतला, आणि तो पेलायला कमान उंच करावी लागली. खांबांची टोकं येणाऱ्या प्रवाहाच्या बाजूला होडीच्या नाळेसारखी निमुळती आहेत, म्हणजे वाहून येणारे ओंडके आपटून अडकण्याऐवजी बाजूला सरकतात. तरी पश्चिमेची कमान टिकली नाही, ती १७०३ मध्ये नव्याने बांधावी लागली. दगडी कमानीचा दुबळेपणा बहुधा वर नसतो, खाली असतो: पाणी खांबाच्या पायातली वाळू-खडी उकरून नेतं, खांब जरासा खचतो, कमानीचे पाचरी दगड एकमेकांवर नीट दाबून बसत नाहीत आणि मग ती उघडते. नदीकाठी उभं राहून तिन्ही कमानींच्या दगडांची घडण ताडून पाहा.

आख्यायिका अशी, की मधल्या कमानीवरच्या कठड्याच्या ठरावीक दगडाला खांद्याने धक्का दिला की सगळा पूल थरथरतो. माथ्यावर बांधकाम सर्वांत पातळ असतं हे खरं. पण हे करून बघायला कुणी जाऊ नये. पदपथ नाही, आणि गाडीवाल्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता.

वाचनमात्र

कमानसाहेब, हा पूल इनिगो जोन्सने बांधला असं सगळीकडे वाचायला मिळतं. तुम्ही नावच घेतलं नाहीत?

कमान

मुद्दामच घेतलं नाही. जोन्स हा राजाच्या बांधकामांचा प्रमुख. पूल त्याचा असल्याचा समकालीन कागद नाही. पण हे नाव हवेतून आलेलं नाही. त्या वेळी जवळच्या ग्विडिर गढीचा मालक सर रिचर्ड विन हा राणी हेन्रिएटा मरायाचा खजिनदार होता, १६२३ मध्ये राजपुत्र चार्ल्सबरोबर स्पेनला गेला होता. म्हणजे दरबारातल्या वास्तुकाराशी ओळख असणं अगदी शक्य. याच रिचर्डने गावातल्या चर्चला जोडून ग्विडिर चॅपल बांधलं आणि तेही लोक जोन्सच्याच नावावर घालतात. ओळख होती, म्हणून नकाशा त्याने काढला, ही उडी मात्र नंतरच्या लोकांची.

खर्चाची बाजू जास्त पक्की आहे. जुना पूल मोडकळीला आला म्हणून नव्याचा अंदाज हजार पौंडांचा झाला आणि तो डेन्बीशर आणि कार्नार्वनशर या दोन परगण्यांवर टाकला. कारण नदी हीच दोघांची हद्द होती.

नकाशावेडा

ही हद्द लक्षात ठेवा, शोधाशोध करणाऱ्यांची पहिली ठोकर इथेच लागते. गाव पूर्व काठावर, म्हणजे डेन्बीशर. ग्विडिरची गढी पश्चिम काठावर, पुलापासून दहा मिनिटांवर, पण कार्नार्वनशर. १९७४ मध्ये दोन्ही काठ ग्वीनेद नावाच्या नव्या परगण्यात गेले, १९९६ पासून कॉन्वी परगणा. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद रिथिन, कार्नार्वन आणि कॉन्वी अशा ठिकाणी विखुरलेत, शिवाय मोठा साठा अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. ग्रंथालयाची जुनी वर्तमानपत्रं १९१९ पर्यंतची घरबसल्या फुकट वाचता येतात.

दुसरी ठोकर वर्षाची. १७५२ पूर्वी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. कागदावर फेब्रुवारी १६३३ असेल तर आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६३४. म्हणून जाणकार १६३३/३४ असं जोडवर्ष लिहितात.

तिसरी नावांची. 'अप' म्हणजे अमक्याचा मुलगा, स्वरापुढे 'अब'. आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच, फक्त आडनाव नाही. त्यामुळे बाप-लेक-नातू तिघांची 'आडनावं' वेगळी दिसतात आणि तीन वेगळी घराणी वाटतात.

गवताळ

बाजाराबद्दल एक तपशील राहिला, जो मला या सगळ्या परिसरातला सर्वांत हलवून टाकणारा वाटतो. ग्विडिरचा सर जॉन विन (१५५३–१६२७), म्हणजे रिचर्डचा बाप, याने आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवला. त्यात तो सांगतो, की इंग्रजांविरुद्ध उठलेल्या ओवाइन ग्लिनदूरच्या लढायांनंतर ल्हानरूस्टच्या 'ब्रिन ई बोटेन' नावाच्या बाजाराच्या जागेवर हिरवंगार गवत माजलं होतं आणि चर्चच्या आवारात हरणं चरत होती. लढाईत किती मेले याचे आकडे पुष्कळ ठिकाणी मिळतात. पण बाजारात गवत उगवलं म्हणजे माणसं, गुरं, गाड्या किती वर्षं तिथे फिरकल्या नसतील, ते या एका ओळीत कळतं.

तारखांचा घोळ मात्र इथे होतो. ग्लिनदूरचा उठाव १४०० पासूनचा. त्यानंतर १४६८ मध्ये गुलाबांच्या युद्धात, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत चाललेल्या लढायांत, विल्यम हर्बर्टने कॉन्वीचं खोरं पुन्हा जाळलं. आजचं सेंट ग्रूस्ट चर्च त्या जाळपोळीनंतरचं, १४७० च्या सुमाराचं. अनेक जण दोन्ही प्रसंग एकत्र करून गवत १४६८ च्या खात्यावर टाकतात. विन ते ग्लिनदूरच्या खात्यावर टाकतो, आणि तोही दोनशे वर्षांनी लिहितोय.

अवांतर: याच विनने १६१० मध्ये चर्चच्या वाटेवर निराधार म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली: अकरा पुरुष आणि त्यांची अंथरुणं-पांघरुणं बघायला एक बाई. आणि गावाने त्याच्या आत्म्याला मात्र बेटुस-अ-कॉइड गावाजवळच्या 'रायादर एविनॉल' धबधब्याखाली कोंडून ठेवलंय, पापं धुऊन निघेपर्यंत! जमिनीच्या वादांत कुळांना त्याची किती दहशत असेल त्याचा अंदाज या आख्यायिकेवरून येतो.

वाचनमात्र

आणि शवपेटी? शीर्षकात आहे, अजून कुणी उघडली नाही.

गवताळ

चर्चमध्ये ग्विडिर चॅपलच्या फरशीवर एक दगडी पेटी आहे. बाजूंवर चार पाकळ्यांच्या फुलांची नक्षी ओळीने कोरलेली, झाकण नाही, आत काही नाही. ही ल्हेवेलिन द ग्रेटची, म्हणजे ल्हेवेलिन अब योर्वेर्थची, असं मानतात. प्रवास असा: तो ११ एप्रिल १२४० ला वारला, अबेरकॉन्वीच्या मठात पुरला गेला. एडवर्डला किल्ल्यासाठी नेमकी तीच जागा हवी होती, म्हणून १२८३ नंतर मठ नदीच्या वरच्या अंगाला माइनान इथे हलवला, आणि पेटीही गेली. पुढे आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा ती ल्हानरूस्टला आली. चर्चमधला कोरीव लाकडी पडदाही माइनानचाच अशी परंपरा आहे.

बघणाऱ्यांच्या दोन चुका ठरलेल्या. शेजारी चिलखत घातलेला एक दगडी योद्धा आडवा आहे. तो ल्हेवेलिन नाही, तो हवेल कोइटमोर, दीडेकशे वर्षं नंतरचा. आणि दुसरी, हा ल्हेवेलिन म्हणजे ११ डिसेंबर १२८२ ला मारला गेलेला शेवटचा राजा नव्हे. तो याचा नातू, ल्हेवेलिन अप ग्रिफिद, ज्याचा उल्लेख धाग्याच्या सुरुवातीला आलाय.

कथावळण

आता बेद्गेलेर्टकडे. ल्हानरूस्टहून तीसेक किलोमीटर, डोंगराच्या पलीकडे. तिथे नदीकाठच्या कुरणात कुंपणात एक थडगं आहे, पाटीच्या काळ्या दगडावर वेल्श आणि इंग्रजीत मजकूर. गोष्ट अशी: शवपेटीवाल्या ल्हेवेलिनचाच आवडता शिकारी कुत्रा गेलेर्ट. राजा शिकारीहून परतला, पाळणा उलटा, सगळीकडे रक्त, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. राजाने तलवार खुपसली. मग पाळण्याखालून मुलाचं रडणं ऐकू आलं आणि शेजारी मेलेला लांडगा दिसला.

कुठल्याही मराठी वाचकाला इथे थांबून 'अरे, हे तर आपलं मुंगूस!' असं वाटेल, आणि ते बरोबर आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, 'अपरीक्षितकारक'मध्ये, ब्राह्मणी पाण्याला जाते, मुंगूस काळ्या सापाला मारतं, रक्ताळल्या तोंडाने दारात स्वागताला येतं आणि ती डोक्यावरची घागर त्याच्यावर टाकते. हितोपदेशात मारणारा ब्राह्मण आहे. 'अपरीक्ष्य न कर्तव्यं कर्तव्यं सुपरीक्षितम्' हे या गोष्टीचंच सुभाषित.

ही नुसती योगायोगाची सारखी गोष्ट नाही, वाट दाखवता येते. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवीत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिम्ना' म्हणून आणलं, तिथून हिब्रू आणि तेराव्या शतकात लॅटिन. दुसरी शाखा 'सात शहाण्यां'च्या कथामालेची. तिच्यात मुंगसाचा कुत्रा झाला, कारण युरोपात मुंगूस पाळत नाहीत. साप मात्र राहिला. या कथामालेचं मध्ययुगीन वेल्श भाषांतरही आहे. शेवटी वेल्समध्ये सापाचा लांडगा झाला. पात्रं बदलली, पण तीन खुणा सगळीकडे टिकल्या: एकटं बाळ, रक्ताळलेलं तोंड, आणि मारल्यावर कळणं.

वाचनमात्र

मग थडगं खोटं? लोक तिथे फुलं ठेवतात हो.

कथावळण

थडगं अठराव्या शतकाच्या शेवटचं आहे. डेव्हिड प्रिचर्ड नावाचा माणूस १७९३ च्या सुमारास दक्षिणेकडून येऊन तिथल्या गोट हॉटेलचा पहिला चालक झाला. त्याने गावातल्या एकदोघांच्या मदतीने दगड उभे केले, कुत्र्याला नाव दिलं आणि ल्हेवेलिनला गोष्टीत आणलं, असं मानलं जातं. गावाचं नाव त्याहून फार जुनं. १२५८ च्या दस्तात ते 'बेकेलेर्ट' असं येतं, आणि 'बेद' म्हणजे थडगं हे खरं असलं तरी ते बहुधा केलेर्ट नावाच्या जुन्या संताचं. शब्दमूळ यांनी सांगितलेला क-ग बदल इथे आठवा.

पण 'प्रिचर्डने गोष्ट रचली' हेही चूक. 'आपला शिकारी कुत्रा मारणाऱ्या माणसाइतका पस्तावलो' ही वेल्श म्हण त्याच्याआधीची आहे. गोष्ट लोकांच्या तोंडी होती, तिला गाव, राजा आणि दगड प्रिचर्डने दिले. फ्रान्समध्ये ल्योंजवळ तर याच गोष्टीतला कुत्रा गिनफोर नावाने संत झाला होता. लोक आजारी मुलं त्याच्या थडग्याशी आणत, तेराव्या शतकात एका धर्मगुरूने ते चिडून लिहून ठेवलंय. तेव्हा फुलं ठेवणाऱ्यांना मी खोटं म्हणणार नाही. ती फुलं एका फार जुन्या पस्तावण्याला वाहिलेली आहेत.

नकाशावेडा

कथावळण, मनापासून आभार. पुढील लेखनाला शुभेच्छा. आता नदीतल्या प्राण्याबद्दल कुणी लिहिणार का?

जलरेषा

आवांक. आजच्या वेल्शमध्ये या शब्दाचा अर्थ बीव्हर, पण कथेतला प्राणी राक्षसी. बेटुस-अ-कॉइडजवळ नदीतला एक डोह 'ल्हिन अर आवांक' म्हणून दाखवतात. तो तिथे उसळला की खालचं खोरं बुडायचं. एका मुलीने त्याला मोहवून झोपवलं, लोकांनी साखळदंड घातले आणि दोन दांडग्या बैलांनी त्याला डोंगरावरून ओढत स्नोडन शिखराखालच्या ग्लासलिन तळ्यात नेऊन टाकलं. ओढताना एका बैलाचा डोळा निखळून पडला, तिथे 'बैलाच्या डोळ्याचं डबकं' झालं. एडवर्ड ल्विद या वेल्श अभ्यासकाच्या १६९३ च्या पत्रव्यवहारात ही कथा लिहिलेली सापडते.

पूर मात्र खरा. ल्हेदर, ल्हिगवी, माख्नो या उपनद्या उंच खडकाळ डोंगरातून उतरतात, पाणी मुरायला माती कमी, आणि सगळ्या बेटुसच्या आसपास कॉन्वीला मिळतात. त्याखाली खोरं एकदम सपाट होतं. उताराने आलेलं पाणी सपाटीवर वेग गमावतं आणि पसरतं. फेब्रुवारी २०२० च्या किआरा वादळातही ल्हानरूस्टमध्ये पाणी शिरलं.

आणि खाली डॉलगारॉगला जे घडलं त्याला आवांक जबाबदार नव्हता. २ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री डोंगरातल्या ऐग्याय धरणाच्या भिंतीखालून पाणी फुटलं. पाया काही ठिकाणी इतका उथळ होता की तो खडकापर्यंत पोचलाच नव्हता. ते पाणी खालच्या कोइड्टी धरणात आलं, त्याच्या मातीच्या बांधावरून वाहिलं, बांध खरवडला गेला आणि दुसरं धरणही गेलं. सोळा माणसं मेली. बरेच गावकरी त्या वेळी सिनेमाला बसले होते म्हणून वाचले. यातूनच ब्रिटनमध्ये १९३० चा जलाशय-सुरक्षा कायदा झाला. गावात दरीतून वाहून आलेले प्रचंड दगड आजही आहेत, ते जरूर बघा.

वाचनमात्र

एका दिवसात पायी किती होईल?

नकाशावेडा

रेल्वेने जाणार असाल तर आधी हे: लान्डिडनो जंक्शनहून येताना 'नॉर्थ ल्हानरूस्ट' आधी लागतं, ते जुनं स्थानक. त्यापुढचं नुसतं 'ल्हानरूस्ट' १९८९ मध्ये झालं, चौक आणि चर्च त्याला जवळ. पुरानंतर हा मार्ग अधूनमधून बंद असतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा.

आधी चर्च आणि शवपेटी, मग म्हाताऱ्यांची घरं, चौक, पूल, टी हुन्ट इर बॉन्ट, ग्विडिर. गढीतल्या जेवणाच्या दालनाचं नक्षीदार लाकूडकाम १९२१ मध्ये लिलावात अमेरिकेला गेलं होतं, ते १९९६ मध्ये परत आलं. इथपर्यंत सगळं सपाट, अर्धा दिवस पुरतो.

उरलेल्या अर्ध्या दिवसात ट्रेव्रिऊ आणि वरचं ल्हानरख्विन. कथा अशी, की शवपेटीवाल्या ल्हेवेलिनची राणी शुआन, इंग्लंडच्या जॉन राजाची मुलगी, डोंगरावरच्या ल्हानरख्विनच्या चर्चला चढून चढून थकली, म्हणून राजाने खाली ट्रेव्रिऊत दुसरं चर्च बांधून दिलं. ट्रेव्रिऊकडून चढलात तर चढ खडा आहे आणि ओल्या पानांवर पाय सरकतो, तळाला पकड असलेले बूट हवेत. वरचं चर्च बुटकं, जाड भिंतींचं, आत जवळजवळ अंधार. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, मग तुळया दिसायला लागतात.